रिकामी जागा भरा

मुलांनो, समजा तुम्ही आईबरोबर आठवडे बाजारात वांगी घ्यायला गेलात आणि भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "नुसती वांगी नाही मिळायची. बरोबर मुळा, दोडका आणि कारलंही घ्यावंच लागेल!" तर काय होईल? तुमची आई पिशवी उचलून सरळ दुसऱ्या पालाकडे चालू लागेल. पण टीव्हीच्या बाबतीत मात्र आपण सगळे कितीतरी वर्षं असा मुळा आणि कारलं मुकाट्याने घरी आणत होतो.

तुमच्या आजी-आजोबांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तेव्हा वाहिनी एकच. निवड करायची ती एवढीच, की टीव्ही लावायचा की बंद ठेवायचा! पुढे १९९० नंतर केबल आली, वाहिन्या भराभर वाढल्या आणि त्यांचा गठ्ठाच घरात येऊ लागला. गठ्ठ्यातल्या दहा वाहिन्या आपण बघायचो, पण पैसे सगळ्या गठ्ठ्याचे द्यायचो.

मग २०१८च्या डिसेंबरअखेर 'ट्राय'चे नवे नियम लागू झाले. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण यांच्यावर लक्ष ठेवणारं भारताचं नियामक प्राधिकरण. नियम असा, की प्रत्येक वाहिनीची किंमत उघड सांगायची आणि ग्राहकाला हवी तेवढीच वाहिनी सुटी द्यायची. पहिल्या शंभर वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यातच. ज्या वाहिन्यांना किंमत आहे, त्यांचे पैसे वेगळे. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

आता गणिताची बाई म्हटल्यावर मी गप्प बसते होय! माझं सासर शिरूरला आणि माहेर दौंडला. २०१९च्या संक्रांतीला मी माहेरी गेले, तर दादा केबलवाल्याचा कागद घेऊन डोकं खाजवत बसलेला. मी म्हटलं, "आण इकडे." पेन्सिल घेतली आणि यादी केली. वहिनीसाठी झी मराठी १९ रुपये आणि स्टार प्रवाह ९ रुपये. दादाच्या क्रिकेटसाठी हिंदी स्टार स्पोर्ट्स १९ रुपये. भाच्यासाठी निक ६ रुपये आणि माझ्या आग्रहाखातर डिस्कव्हरी ४ रुपये. बाबांना फक्त बातम्या लागतात, आणि बातम्यांच्या काही मराठी वाहिन्या मोफतच होत्या. बेरीज झाली ५७. त्यात १३० मिळवले, १८७. त्यावर कर ३३ रुपये ६६ पैसे. एकूण २२० रुपये ६६ पैसे! आधी महिन्याला तीनशे जायचे. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. आई तिळगुळाचं ताट घेऊन आली आणि तीही हसली.

फेब्रुवारीत हाच धडा मी माझ्या चौथीच्या वर्गात घ्यायचं ठरवलं. निवड करायची मुदत तोवर ३१ मार्चपर्यंत वाढली होती आणि घरोघरी हीच चर्चा चालली होती. मी मुलांना सांगितलं, "घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे त्याची आवडती वाहिनी लिहा. उद्या आपण बेरीज करू."

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. एका मुलाने सुरेख तक्ता आखला होता. आजोबा, वडील, काका, ताई, तो स्वतः. प्रत्येकापुढे वाहिनी आणि किंमत. फक्त 'आई' या शब्दापुढची जागा रिकामी होती.

"अरे, हे राहिलं का?"

"नाय बाई. तिला काय नाय लागत. ती कामातच असते."

"तू तिला विचारलंस का?"

तो मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. रिकाम्या जागा अंदाजाने भरायच्या नसतात, आधी विचारायचं असतं, वगैरे वगैरे. बोलता बोलता एकदम माझीच जीभ अडखळली. मुलांनो, दौंडच्या माझ्या यादीत तरी आईचं नाव कुठं होतं?

रविवारी मी एसटीने दौंडला निघाले. गाडीने भीमेचा पूल ओलांडला, तरी मी आठवतच होते, की आई टीव्हीवर काय बघते. मला सांगता येईना.

घरी गेल्यावर आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू दुपारी काय बघायचीस गं?"

"काही नाही गं. बघते की वहिनीबरोबर मराठी मालिका."

"तसं नाही. आधी काय बघायचीस?"

ती भाजी निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते तेलुगू लागायचं ना, ते. दुपारी घरात कुणी नसतं. तेवढीच माझ्या आईची बोली कानावर पडायची."

माझी आई सोलापूरची. तिथे चादरी विणणारी कितीतरी तेलुगूभाषक कुटुंबं आहेत. तिचं माहेर त्यांपैकीच एक. बाबांच्या घरात मात्र दोन पिढ्यांपासून सगळं मराठीच. लग्न होऊन दौंडला आली आणि आईही मराठीच बोलू लागली, इतकी सफाईने, की तिची मातृभाषा वेगळी आहे हे आम्ही मुलं विसरूनच गेलो. जुन्या गठ्ठ्यात ती तेलुगू वाहिनी न मागताच येत होती. मी निवड करायला बसले, आणि नेमकी तीच गळली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू एवढे पैसे वाचवत होतीस, म्हटलं कशाला मध्ये बोलायचं."

दादाने लगेच केबलवाल्याला फोन लावला. जेमिनी टीव्ही, १९ रुपये. करासकट २२ रुपये ४२ पैसे. यादीतली ती सगळ्यात शेवटची ओळ मी माझ्या हाताने लिहिली.

तेव्हापासून नियम आणि दर बरेच बदलले. २०२० साली त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या मिळू लागल्या आणि २०२४ साली त्या भाड्यावरची मर्यादाच उठली. आता मोबाइलवरही पुन्हा गठ्ठे विकायला आलेच आहेत. ज्यांना महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. काही घरांत सुट्या वाहिन्या स्वस्त पडतात, तर काहींना गठ्ठाच परवडतो. ते तुम्ही बेरीज करून ठरवा. पण बेरजेच्या आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि ज्याच्या नावापुढे जागा रिकामी राहील, त्याच्याजवळ जाऊन बसा. "काही नको" असं उत्तर आलं, तर आणखी एकदा विचारा.

त्या मुलाने सोमवारी वही आणली, तेव्हा त्याच्याही तक्त्यातली जागा भरलेली होती. "बाई, तिला भजनं आवडतात," तो म्हणाला. "मला म्हायतीच नव्हतं."

मी त्याला शाबासकी दिली. मलाही माहीत नव्हतं, हे त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. ते राहून गेलं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.