दुखायचा थांबलेला कान

लहान मुलाचा कान बघताना घाई चालत नाही. मुलाला आईच्या मांडीवर आडवं बसवायचं. तिचा एक हात त्याच्या कपाळावर, दुसरा त्याच्या दोन्ही हातांवरून. आधी बरा कान बघायचा, दुखरा शेवटी. तान्ह्या बाळाची पाळी मागे आणि किंचित खाली ओढली, मोठ्या मुलाची मागे आणि वर ओढली, की वाट सरळ होते आणि पडदा दिसतो.

तळोद्यात माझ्याकडे येणाऱ्या आया ठणक्याला घाबरतात. रात्रभर रडणारं मूल सकाळी घेऊन येतात. पण कधी एखादी चार दिवस उशिरा येते आणि सुटकेच्या स्वरात सांगते, “डॉक्टर, कान फुटला, पू आला, आता दुखत नाही.” मला काळजी वाटते ती तिथे.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साठतं, त्याचा पू होतो आणि पडद्यावर दाब येतो. तोच ठणका. पडदा फाटला की दाब मोकळा होतो आणि दुखणं थांबतं, पण पडद्याला भोक पडलेलं असतं. बहुतेक मुलांचं ते भरून येतं. कान 14 दिवस किंवा त्याहून जास्त वाहत राहिला, तर मात्र आजार जुना होत चालला असं समजावं.

काही कान दुखतही नाहीत आणि वाहतही नाहीत. पडद्यामागे नुसतं चिकट पाणी साचून राहतं. होळीचा ढोल ओला झाला की त्याचा आवाज बसतो, तसा हा पडदा बसतो. मूल हाकेला ओ देत नाही, बोलायला उशीर करतं, वर्गात मागे पडतं आणि घरात हट्टी ठरतं. हे पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, तर ऐकू येण्याची तपासणी करून घ्यायलाच हवी.

लसूण घालून कढवलेलं तेल मायेने घातलेलं असतं, पण भोक पडलेल्या कानात ते थेट आत उतरतं. कापसाचा बोळा पू कोंडून ठेवतो. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान टिपावा. अंघोळीचं पाणी आत जाऊ देऊ नये. बाळाला बाटली आडवं झोपवून देऊ नये, चुलीच्या धुरापासून लांब ठेवावं. कानात हरभरा किंवा ज्वारीचा दाणा गेला, तर पाणी घालू नये, तो फुगतो. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, चक्कर किंवा मूल सुस्त पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि औषध अर्ध्यावर राहतं. म्हणून प्रत्येक आईला मी निघताना सांगतो: दुखणं थांबलं तरी औषध पुरतं द्या आणि कान कोरडा झाल्यावर मूल मला पुन्हा एकदा दाखवा. पडदा भरला की नाही, ते बघितल्याशिवाय कळत नाही.