विचारायला शिकव त्यांना

भोसरी,
रविवार

चि. भाऊस,


तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. कार्यक्रमपत्रिका चष्मा लावून दोनदा वाचली आणि दुपारचं आडवं होणंच राहून गेलं. तू विचारलंयस एवढंच, की नोकरीवर निघालेल्या पोरांसाठीच्या तुमच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘शिस्त आणि वेळेचं पालन’ या विषयावर अर्धा तास बोलशील का. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. फोनवर ते होत नाही, कारण माझा आवाज चढला की तू फोन वहिनीकडे देतोस.

‘आजकालच्या पोरांना सोसत नाही’ असं तू त्या दिवशी म्हणालास. ते मला लागलं. आपल्या अप्पांच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलंयस? बरं, तू म्हणालास कोणाबद्दल? जो पोरगा दर रविवारी माझ्याकडे जेवायचा, नको नको म्हटलं तरी ताट घासून ठेवायचा आणि जाताना दारातला दिवा बंद करून जायचा, त्याच्याबद्दल. तुझाच विद्यार्थी. तूच त्याला माझा पत्ता दिलास. मग तीन आठवड्यांत त्याने नोकरी का सोडली, हे त्याला एकदा विचारायचं होतंस. मी विचारलं.

भाऊ, तो पळून आला नाही. त्याला एका मशीनवर उभं केलं होतं. बुश टर्न करायचे, दर दहाव्या नगाला प्लग गेज लावायचं. गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो गो’ जाता कामा नये. एवढं त्याला पहिल्याच दिवशी समजलं, पोरगा फिजिक्सचा आहे. तिसऱ्या आठवड्यात सेटर जाता जाता म्हणाला, ‘इन्सर्ट बदललास की ऑफसेट बघ.’ याने मान हलवली. ऑफसेट कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमत झाली नाही. इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, बदलला; ऑफसेट, म्हणजे त्याच्या मापाची भरपाई, तसाच राहिला; भोक मोठं झालं. ‘नो गो’ आत जायला लागली तेव्हा मशीनमध्येच काहीतरी बिघडलं असं वाटून तो घाबरला, तरी बोलला नाही. पाळी संपेपर्यंत अख्खी बिन भंगारात गेली. सुपरवायझरने सगळ्यांसमोर आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी हा गेला नाही, तिसऱ्या दिवशी फोन बंद. चौथ्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘न कळवता गैरहजर’ असा शेरा पडला असेल. हा शेरा मी नोकरीत इतक्या पोरांच्या नावांपुढे लिहिला आहे, की त्यामागे काय असतं ते मला पाठ आहे. आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा एक न विचारलेला प्रश्न असतो, त्यातून झालेली चूक असते, आणि मग तोंड कसं दाखवायचं ही भीती.

मला त्याने काय विचारलं माहीत आहे? ‘आत्या, त्यांनी एवढं बोलल्यावर परत गेलेलं चालतं का?’

शिव्या खाल्ल्या तरी दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं शिकला तो. तुझ्या वर्गात गैरहजर राहिलं तर काय होतं? वर्षाअखेरी एक अर्ज. कारखान्यात एक जण न सांगता आला नाही, तर रात्रपाळी करून थकलेल्या माणसाला मशीन सोडता येत नाही. बदली येईपर्यंत तो डबल पाळी करतो. तोसुद्धा कोणाचा तरी मुलगा, त्याचीही कोणी वाट बघत असतं. हे मी पोराला स्पष्ट सांगितलं. त्याची बाजू घेते म्हणून त्याला मोकळं सोडलेलं नाही. शिवी देणाऱ्या सुपरवायझरलाही मी सोडलं नसतं, पण तो माझ्यासमोर नाही, तू आहेस.

आता तुझी पत्रिका. पहिल्या दिवशी बॉडी लँग्वेज, इंग्रजीतून स्वतःची ओळख, टाय बांधण्याचं प्रात्यक्षिक. दुसऱ्या दिवशी ‘कंपनीच्या अपेक्षा’, आणि त्याखाली छापलंय: घड्याळाकडे पाहू नये, पहिल्या वर्षी पगाराचा विषय काढू नये, वरिष्ठांना उलट प्रश्न करू नयेत. हे कोणी लिहिलं, भाऊ? तू नक्कीच नाहीस. आणि तू असशील, तर तुझ्या पहिल्या वर्षी संस्थेने तीन महिने पगार लांबवला तेव्हा अप्पांना काय पत्र लिहिलं होतंस ते काढून वाच. माझ्या ट्रंकेत आहे, हवं तर पाठवते.

प्रश्न विचारू नये असं शिकवून तू त्यांना तयार करत नाहीस. त्या पोराच्या हातून बिन भंगारात घालवणारी जी सवय, तीच पक्की करतोस.

मी 1978 मध्ये टाइम ऑफिसला लागले तेव्हा मला मस्टर म्हणजे काय तेही नीट ठाऊक नव्हतं. हजेरी कार्ड पंच करायचं घड्याळ मी प्रथम पाहिलं ते तिथेच. आमच्या मोठ्या बाई, तुला आठवतील, लग्नात हिरवी साडी नेसून आल्या होत्या, त्यांनी मला पहिला महिना स्वतःच्या खुर्चीला खुर्ची लावून बसवलं. संध्याकाळी पर्स उचलता उचलता त्या एकच विचारायच्या: ‘आज काय कळलं नाही?’ काय शिकलीस असं कधी नाही विचारलं. त्यामुळे न कळणं हा रोजच्या कामाचाच भाग झाला. काही विचारण्यासारखं नसलं की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. ओव्हरटाइमचा हिशेब, रजेचा, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे फॉर्म, सगळं मी त्या एका प्रश्नाच्या आधाराने शिकले. त्या महिन्यात त्यांचं स्वतःचं काम तुंबलं, साहेबांची बोलणीही त्यांनी खाल्ली, पण माझी खुर्ची हलवली नाही.

आज ती दुसरी खुर्ची कुठे आहे? तू म्हणशील हल्ली योजना आहेत. आहेत ना. अप्रेंटिसचा कायदा 1961 चा आहे. 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना 10,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, बारावी झालेल्याला 6,000. तुमच्या अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आहे. या सगळ्यात पैशाची तरतूद आहे, क्रेडिटची आहे. शेजारी बसून ‘आज काय कळलं नाही’ विचारणारा माणूस कुठल्याही कागदावर येत नाही, आणि तो नसला तर विद्यावेतन घेऊन पोरगा सहा महिने झेरॉक्स काढत राहतो. तू दर भाषणात कर्मवीरांचं नाव घेतोस. घ्यावंसच. पण ‘कमवा आणि शिका’ म्हणताना भाऊरावांनी पोरांना नुसतं कामाला जुंपलं नाही. त्यांनी आधी वसतिगृह काढलं, आपल्या पंखाखाली घेतलं, त्यांच्या पत्नीच्या अंगावरचे दागिने त्यापायी गेले. स्वतः त्यांनी ओगल्यांच्या आणि किर्लोस्करांच्या मालासाठी गावोगाव पायपीट केलेली. नोकरीत माणसाला काय काय गिळावं लागतं हे त्यांना माहीत होतं.

आणि पगाराचा विषय काढायचा नाही, तर मग काढायचा कोणी? त्या पोराच्या पगाराचा कागद मी पाहिला. त्याला वाटत होतं पीएफचे पैसे कंत्राटदार खातो. मी त्याला समोर बसवून दाखवलं: पीएफला तुझे 12 टक्के गेले की मालकालाही तेवढेच घालावे लागतात. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, त्यात तुझे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. आजारपणाचा भत्ता मिळायला आधी काही महिने वर्गणी जावी लागते, पण कामावर लागलं-खुपलं तर पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. तो बघतच राहिला. त्याच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, मार्कशीटवर आडनाव आधी, आणि बँकेच्या पासबुकात स्पेलिंग तिसरंच. हे जुळवलं नाही तर पुढे स्वतःचाच पीएफ काढताना तो दारोदार फिरेल. तुझ्या टायच्या तासात तुम्ही शंभर पोरांचे हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिलेत, तरी शिबिराचं सार्थक होईल.

आपण नक्की कोणाचे नोकर, हेही त्याला ठाऊक नव्हतं. गेटवर कंपनीचं नाव, अंगावर कंपनीचा शर्ट, म्हणून गावाकडे सांगितलं कंपनीत लागलो. नोकर होता कंत्राटदाराचा, आणि हातात नेमणुकीचा कागद नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे त्यात, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने, जसा 1948 च्या कारखाने कायद्यात होता. पण मागणाऱ्याला हे ठाऊक हवं ना. पोरं मूळ प्रमाणपत्रं काढून देतात आणि अडकतात. कोणी डिपॉझिट मागितलं तर आई गळ्यातलं मोडते. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

मुलींसाठी तुझ्या पत्रिकेत एकच ओळ आहे, ‘पोशाख’. तुझी स्वतःची लेक पुढच्या वर्षी बाहेर पडणार आहे, भाऊ. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती हवी, ट्रेनी आणि कंत्राटी मुलगीसुद्धा तिच्याकडे जाऊ शकते, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं असतं. पोशाखावर अर्धा तास आणि यावर काही नाही? हे मी वहिनीला बोलणार आहे, तुला नुसतं सांगून भागायचं नाही.

रागाने लिहिते आहे असं वाटेल. राग नाही रे, काळजी आहे. मागे एका कारखान्यात एका ट्रेनीच्या बोटाला कापलं. रजिस्टरला नोंद झाली तर कामावरून काढतील या भीतीने त्याने रुमाल बांधला आणि खोलीवर जाऊन हळद भरली. आठवड्याने हात सुजला तेव्हा कुठे बोलला. नोंद नाही, म्हणून कागदोपत्री तो अपघातच नव्हता. पेर कापावं लागलं. वीस वर्षांचं पोर. चाकण-रांजणगावच्या एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात, पाळ्या वेगळ्या, एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो, एकमेकांना बघायलाही वेळ नसतो. घरी फोन केला की ‘बरं आहे’ म्हणतात. तुम्हा मास्तर लोकांना कोण सांगणार? नोकरी लागल्याचा फोटो फलकावर लागला की तुमची आणि त्यांची गाठ संपते. माझ्या मते ती तिथेच पडायला हवी.

हो, तुझा मुद्दा मला मान्य आहे, वेळ पाळायलाच हवी. सातची पाळी म्हणजे पावणेसातला कपडे बदलून मशीनपाशी. येणार नसशील तर पाळीच्या आधी कळव. चुकलं तर पहिला नग चुकल्यावर सांग, शंभराव्या नगाची वाट बघू नको. हे सगळं मी पोरांना बजावून सांगेन, मऊपणे नाही सांगणार. पण आधी ‘साहेब, समजलं नाही, परत सांगा’ हे त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घेईन. एकेकाला उभं करून. जे पोर लाजेल त्याच्याकडून पुन्हा.

तर उत्तर असं. मी येईन, पण अर्धा तास नाही, एक पूर्ण दिवस दे. टायचा तास काढ. पगाराचे खरे कागद, नावं झाकून, मी आणते. मार्कशीट, आधार, पासबुक पोरांना आणायला सांग. फोरमन म्हणून निवृत्त झालेले दोघे इथे आहेत, त्यांना घेऊन येईन, गाडीभाडं संस्थेने द्यावं. आणि तुझ्या सहकाऱ्यांनी लागलेली पोरं आपसात वाटून घ्यावीत, पहिले तीन महिने दर आठवड्याला संध्याकाळी एक फोन. कसं चाललंय असं विचारू नका, त्याला ते बरं म्हणतील. काय कळलं नाही ते विचारा.

गुडघ्याचं तेल वहिनीला पोचलं का ते कळव. लोणचं इतक्यात पाठवत नाही, मुरायचंय.

आणि त्या पोराला आधी फोन कर, शिबिर राहू दे. तीन आठवड्यांचा पगार कंत्राटदाराकडे तसाच आहे आणि तो त्याच्या हक्काचा आहे. मागायला एकटा जाणार नाही तो. या आठवड्यात एक दिवस रजा काढ आणि त्याच्याबरोबर जा.

तुझी,
ताई