मेतकूट आणि मार्मट

तर झालं असं, की आईचं मेतकूट एका मार्मटने खाल्लं. फोनवर एवढं सांगितल्यावर ताई आधी हसली आणि मग गप्पच झाली. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं.

ऑगस्ट २०२४ मध्ये लेकीबरोबर जॉन म्यूर ट्रेल केला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत जाणारी सुमारे ३४० किलोमीटरची वाट. सगळं बिऱ्हाड पाठीवर. त्यातलं सर्वांत अडचणीचं प्रकरण म्हणजे अस्वलाला उघडता येणार नाही असा जाड डबा. खाणं, टूथपेस्ट, साबण, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं त्यात बंद करायचं आणि रात्री डबा तंबूपासून लांब ठेवायचा. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल माणसांच्या मागे लागतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावं लागतं. हे प्रवचन मी लेकीला रोज ऐकवत होतो.

त्याच डब्याच्या तळाशी आईच्या मेतकुटाची शेवटची पुडी होती. आई त्या फेब्रुवारीत गेली. मी नाशिकला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, सावडायलाही मी नव्हतो. ही पुडी तिने आदल्या दिवाळीत फराळाबरोबर पाठवलेली. घरी फ्रीजरमध्ये पडून होती, फोडायचा धीर होत नव्हता. म्हटलं, उंचावर कुठेतरी मऊ भात करू आणि दोघं खाऊ.

अकराव्या दिवशी मॅक्लुअर मेडोच्या कुरणात जाग आली, तर तंबूपासून वीस पावलांवर तीन हरणं चरत होती. म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान म्हणून हे नाव. तंबूची चेन सरकवली तशी त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चरायला लागली. आमची फारशी दखल घ्यावी असं त्यांना वाटलं नसावं :)

तिथून इव्होल्यूशन लेकची चढण. तळ्याभोवतीच्या शिखरांना डार्विन, हक्स्ली, वॉलेस अशी नावं आहेत. १८९५ मध्ये थिओडोर सॉलोमन्सने ती दिली. तळं जवळ आलं तसं दगडांच्या राशीतून 'ईक्' असा आवाज आला. पिका! मुठीएवढा प्राणी, सशाचा नातेवाईक, तोंडात मावेना एवढं गवत. हा थंडीत झोपत नाही. उन्हाळाभर गवत गोळा करून दगडांच्या आडोशाला वाळवतो आणि बर्फाखाली ते पुरवून पुरवून खातो.

"आजीच्या गच्चीसारखं?" लेकीने विचारलं. सहा वर्षांची असताना ती एप्रिलमध्ये नाशिकला गेली होती. आजीने हातात काठी देऊन कुरडयांच्या राखणीला बसवलं होतं.

"तसंच. फक्त याच्याकडे राखणीला नात नाही."

संध्याकाळी तळ्याकाठी मुक्काम. या उंचीवर शेकोटीला बंदी, म्हणून छोट्या स्टोव्हवर भात लावला. ३३०० मीटरवर तांदूळ शिजता शिजेना. मी पुडी फोडली. हिंग, हळद, भाजलेल्या डाळी... डोळे मिटून नुसता वास घेतला, पुडी खडकावर ठेवली आणि पाणी आणायला गेलो. लेक तंबूत होती. दोन मिनिटं फार तर.

परत येतो तर मार्मट पुडीवर बसलेला. मांजराहून थोराड, पिवळ्या पोटाचा, आणि आता मिशाही पिवळ्या. हाही थंडीची तयारी करतो, पण साठवण सगळी स्वतःच्या पोटात. मी ओरडलो. तो चार पावलं मागे सरकला, बस. मी दगड उचलला.

"बाबा, नको." लेक तंबूच्या दारात उभी होती. त्याहून जास्त ती काही बोलली नाही. अकरा दिवसांच्या माझ्या प्रवचनाचं तिने काहीच काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं. वास येणारी वस्तू उघडी कोणी ठेवली होती?

दगड खाली ठेवला. पुडी फाटलेली, निम्मं मेतकूट खडकावर. एक क्षण खरंच वाटलं, उष्टं तर उष्टं, खावं. पण नाही. तिथे ठेवूनही चालणार नव्हतं, नाहीतर उद्या दुसरा प्राणी चटक लावून घेणार. मग दोघं गुडघ्यांवर बसलो आणि ती पूड बोटांनी गोळा करायला लागलो. खडकाच्या भेगांतली चमच्याने काढली. मग ओल्या फडक्याने खडक पुसला. बोलत कोणीच नव्हतं. मध्येच मला रडू आलं, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. लेक पूड वेचत राहिली.

मग मीठ घालून भात खाल्ला. "भात छान झालाय," ती म्हणाली. तो कच्चाच होता.

ते मेतकूट कचऱ्याच्या पिशवीत, डब्यात बंद, आणखी नऊ दिवस आमच्याबरोबर चाललं. व्हिटनी पोर्टलला पिशवी टाकेपर्यंत डबा उघडला की हिंगाचा वास यायचा.

असो. ताई, आईचं मेतकुटाचं प्रमाण तुझ्या वहीत असेल तर पाठव. लेक म्हणते, थंडीच्या आधी करू.