रबराचे विमान

विमान उडवायला खिसा जड लागतो, ही समजूत खोटी! बाल्साच्या काड्या, पातळ कागद, रबराची पट्टी आणि सबुरी, एवढे भांडवल पुरते. १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो याने रबराला पीळ देऊन असेच विमान ११ सेकंद उडविले. अंतर सुमारे ४० मीटर.

दिंडोशीत मोकळी जागा शोधणे हेच खरे संकट. तरी नातवाला मी शिकवितो आहे. आधी पीळ न देता विमान हाताने हलकेच सोडावे. नाकावर आपटले तर शेपटीला मेणाची गोळी लावावी. नाक वर काढून थबकले तर नाकाला. तोल साधला की मग पीळ.

"आजोबा, मोडलं तर?"

"पुन्हा चिकटवू, बाळा."

येत्या मे महिन्यात तो आईबापांबरोबर कॅनडाला जाईल. तोवर त्याच्या हातचे एक विमान ११ सेकंद उडालेले पाहावे, एवढीच इच्छा.