जुन्या वस्तूंचे मोल आणि दात्याचा शब्द

किंमत ठरविणे हे प्रशासनाचे नित्याचे काम आहे. जमीन संपादन करावयाची असो, जुनी सरकारी वाहने निर्लेखित करावयाची असोत वा जप्त माल विकावयाचा असो, प्रत्येक ठिकाणी समिती, आधारभूत किंमत आणि लिलाव ही त्रयी हजर असते. त्यामुळे दात्याने दिलेल्या जुन्या वस्तूची किंमत त्याने स्वतःच लिहावी आणि तेवढ्या रकमेची वजावट सरकारने त्याच्या करपात्र उत्पन्नातून द्यावी, ही व्यवस्था आपल्याकडील अधिकाऱ्यास काहीशी धाडसी वाटते. अमेरिकेत दानधर्मासाठी आयकरात वजावट १९१७ पासून आहे आणि घरातील वापरलेले कपडे, भांडी, फर्निचर यांनाही ती मिळू शकते. या व्यवस्थेकडे माझे लक्ष गेले ते न्यू जर्सीतील भाचीमुळे. माझ्या थोरल्या बहिणीच्या निधनानंतर तिचे घर आवरताना भाचीने फोनवर विचारले, "मामा, आईच्या साड्यांसमोर काय आकडा लिहू?"

तेथील नियमाचे सूत्र 'वाजवी बाजारभाव' हे आहे. कोणतीही सक्ती नसलेला आणि पुरेशी माहिती असलेला ग्राहक तशाच विक्रेत्यास जी किंमत देईल, ती वाजवी. वापरलेल्या कपड्यांच्या बाबतीत याचा व्यवहारातील अर्थ असा की, जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या ज्या भावाला विकल्या जातात तो भाव. मूळ खरेदीची किंमत येथे उपयोगाची नसते. बहिणीने येवल्याहून आणलेली पैठणी भाचीच्या लेखी अमोल होती, विणकराच्या लेखी ती कित्येक आठवड्यांची मेहनत होती, आणि त्या दुकानात मात्र ती पडद्यांच्या कापडाशेजारी टांगलेला एक लांबलचक रेशमी तुकडा ठरली असती. वस्तू तीच, मोले तीन. कायदा त्यांपैकी तिसरेच ओळखतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये. वापरमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद अॅडम स्मिथने १७७६ मध्येच स्पष्ट केला होता. कानेमन, नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर साधे कॉफीचे मग वापरले होते. ज्यांना मग मिळाले, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही इतरजण देऊ करीत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. नुकत्याच हाती आलेल्या मगाची ही कथा, तर आईच्या साडीची काय असेल? म्हणूनच दाता जेव्हा फुगवून किंमत लिहितो, तेव्हा तो दरवेळी लबाडी करीत असतोच असे नाही. त्याला ती वस्तू खरोखरच तेवढ्या मोलाची वाटत असते.

तथापि करप्रशासनाला भावनेवर विसंबून चालत नाही. वस्तू स्वीकारणारी संस्था पावती देते. पण तीवर किंमत घालणे हे तिचे काम नव्हे, ते दात्याचे. वस्तुरूप दानांची एकूण वजावट ५०० डॉलरच्या वर गेली की ८२८३ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. वस्तू आपणाकडे कशी आली, खरेदीने, भेटीने की वारशाने, आणि तिचा भाव कोणत्या पद्धतीने काढला, असे प्रश्न त्यात आहेत. तरीही आकडा लिहिणारा आणि त्या आकड्याचा लाभ घेणारा एकच राहतो. बिल क्लिंटन आर्कान्सॉचे गव्हर्नर असताना त्यांच्या विवरणपत्रात दान केलेल्या अंतर्वस्त्रांची किंमत नगाला २ डॉलर दाखविली होती, यावर पुढे भरपूर विनोद झाले. विनोदाचा भाग सोडला तरी प्रशासकीय प्रश्न उरतोच. २२ टक्के दराने कर भरणाऱ्याने १०० डॉलर जास्त लिहिले तर सरकारचे २२ डॉलर बुडतात. ते शोधण्यास अधिकाऱ्याचा जो वेळ जाईल, त्याचा खर्च त्याहून अधिक.

यावर अमेरिकी कायद्याने हळूहळू उपाय शोधले. २००४ च्या कायद्याने ५०० डॉलरपेक्षा अधिक वजावट मागितलेल्या मोटारींबाबत असे ठरविले की, संस्थेने गाडी विकल्यास साधारणतः प्रत्यक्ष विक्रीतून आलेल्या रकमेइतकीच वजावट मिळेल. किंमत सांगण्याचे काम दात्याकडून बाजाराकडे गेले. २००६ मध्ये कपडे आणि घरगुती वस्तू किमान 'चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत' असाव्यात, अशी अट आली. २०१७ च्या कायद्याने प्रमाणित वजावट जवळजवळ दुप्पट केल्यामुळे बहुसंख्य करदात्यांना दानाचा तपशील देण्याचे कारणच उरले नाही. २०२५ च्या कायद्याने अशा करदात्यांसाठी २०२६ पासून दानाची मर्यादित वजावट दिली, पण ती केवळ रोख देणगीसाठी. कपड्यांच्या पिशव्यांना नाही.

भारताने हा प्रश्न मुळातच टाळला. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी खाली वजावट मिळे ती पैशाच्या रूपातील देणगीस, वस्तूंना नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. नियम रुक्ष आहे, पण आपल्या करयंत्रणेची पोच पाहता शहाणपणाचा आहे. आपल्याकडे जुन्या कपड्यांचा बाजारभाव ठरविणारी व्यक्ती दारावरच येत असे. बोहारीण पाच साड्या उलटसुलट करून, विरलेली जागा बोटाने दाखवून एक स्टीलचे पातेले पुढे करी, आणि घासाघीस संपली की जो सौदा ठरे तोच वाजवी बाजारभाव. कोणत्याही मूल्यांकन समितीला इतकी तंतोतंत कसोटी जमणार नाही.

वजावट नसली की निरुपयोगी वस्तू कोणी देत नाही, असे मात्र नव्हे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. १९९९ मध्ये अंशु गुप्ता यांनी स्थापन केलेल्या 'गूंज' या संस्थेने अशा कपड्यांची निवड आणि पुनर्वापर यांची शिस्तबद्ध व्यवस्था उभी केली. शून्य किमतीच्या वस्तूलाही वाहतूक, निवड आणि विल्हेवाट यांचा खर्च असतो आणि तो दात्याऐवजी घेणाऱ्याच्या माथी पडतो, हे तेथे दिसले.

भाचीला मी इतकेच सांगितले की, पैठण्या कुटुंबात ठेव. उरलेल्या साड्या देण्यापूर्वी त्यांची यादी कर, छायाचित्रे काढ, दुकानात तशा कपड्यांचे भाव स्वतः पाहून ये, आणि पावतीवर तारीख व वर्णन असल्याची खात्री कर. परदेशी राहणाऱ्या वाचकांनाही हाच सल्ला उपयोगी पडावा. धोरण आखणाऱ्यांसाठी धडा थोडा वेगळा आहे. वस्तुरूप दानास करसवलत देण्याचा विचार भारतात कधी पुढे आलाच, तर किंमत दात्याने न लिहिता वस्तू घेणाऱ्या संस्थेने केलेल्या विक्रीतून ठरावी. दात्याच्या शब्दावर अविश्वास म्हणून नव्हे; आपल्या वस्तूचा भाव सांगताना प्रामाणिक माणसाचाही अंदाज चुकतो म्हणून.