वाकडी चौकट

दाराची चौकट वाकडी झाली आहे, अशी तक्रार डिचोलीच्या मावशीने केली, तेव्हा आम्ही पेडण्याहून आमच्या ओळखीच्या मेस्ताला घेऊन गेलो. त्याने ओळंबा लावला. चौकट सरळ होती. मेस्त हसला, आम्हीही हसलो. 2012 च्या चतुर्थीआधीची ही गोष्ट. मोतीबिंदू असेल, सण आटोपला की पाहू, असे आम्हीच ठरवले. पुढे दसरा आला, दिवाळी आली.

मोतीबिंदू नव्हताच. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे हे त्याचे काम. उतारवयात त्याच्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर कण साचतात. पुष्कळांचे तेवढ्यावर निभावते. काहींच्या डोळ्यांत मात्र खालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर शिरतात आणि पाझरू लागतात. पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. मग शरीर आपल्या परीने ही जखम भरू पाहते. तिथल्या रंगद्रव्य-पेशीदेखील मूळ काम सोडून तंतू विणू लागतात, कोलॅजेन साचते, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरून तिथे वण उरतो. जखम 'भरून येणे' हे शब्द तोवर आम्ही चांगल्याच अर्थाने वापरीत होतो.

मावशीच्या डाव्या डोळ्यात असा वण आधीच झाला होता. उजवा सगळे सांभाळून घेत होता, म्हणून तिलाही ते कळले नव्हते. चौकट वाकडी दिसली ती या उजव्याला. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शने तेव्हा उपलब्ध होती. त्यांतल्या एका प्रमुख औषधाला अमेरिकेत 2006 मध्येच मान्यता मिळाली होती. पण ती पाझर थांबवतात, झालेला वण पुसत नाहीत. वेळेवर उपचार होऊनही कित्येक डोळ्यांत वण होतोच, असे डॉक्टर म्हणाले. आमची समजूत घालण्यासाठीच म्हणाले असावेत.

हा रोग रक्ताच्या नात्यातही उतरू शकतो. सिगारेटने धोका वाढतो हे कळल्यावर आम्ही ती सोडली. आता रोज सकाळी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज न्याहाळतो. घरातली मुले चेष्टा करतात.

कडेचे मावशीला अजून दिसते. चतुर्थीला ती माटोळीखाली उभी राहते आणि कडेला कोणती फळे बांधली आहेत ते मान कलती करून सांगते. मग समोर बघते आणि विचारते, "यंदा मूर्ती कशी झालीय रे?"