चार पटींची दुर्बीण

ते चितळ सापडलं नाही, तिथून आमच्या घरात दुर्बिणीचा विषय निघाला. साल १९६०, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. आजोबा सोनगडच्या पलीकडे शिकारीला गेले होते. एरवी दोन रात्रींत परतायचे, त्या खेपेला चौथ्या दिवशी आले. तापी व्हॅलीच्या गाडीने सुरतेला उतरले, टांग्याने नानपुऱ्यात आले आणि ओट्यावर बसून राहिले. बूटही काढले नाहीत. आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाले, "मागच्या पायाला लागली. दोन दिवस माग काढला. ओढ्यापाशी रक्त दिसेनासं झालं."

आजी म्हणाली, "अहो, दिसत नसेल तर सोडून द्या आता."

आम्ही सात चुलत-सख्खी भावंडं दाराआड उभी होतो. आजोबांना उलट उत्तर देता आलं नाही असं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. आज आमच्यापैकी कुणी पुण्यात आहे, कुणी बडोद्यात, एक जण न्यू जर्सीत. पण फोनवर तो दिवस निघाला की पाण्याचा तांब्या आणि ते न काढलेले बूट सगळ्यांना तसेच आठवतात.

आजोबा गायकवाडांच्या नोकरीतले. बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतात व्यारा-सोनगडचं सागवानी जंगल होतं, तिथे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि काही वर्षांनी ते निवृत्त होऊन सुरतेला स्थायिक झाले. बंदूक मात्र १९४७ची. विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याकडून त्यांनी ती रीतसर परवान्यावर घेतली होती. .२७५ बोअरची, माउझर धाटणीची, जेमतेम सात पौंडांची रायफल. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली ती याच बोअरची, हे आम्हाला पाढ्यांआधी पाठ होतं. हलकी म्हणून आजोबांना ती प्रिय होती. डांगाच्या चढणीवर दिवसभर खांद्यावर असली तरी जाणवत नाही, असं म्हणायचे.

अडचण डोळ्यांची होती. साध्या रायफलीवर नेम धरताना डोळ्याला तीन ठिकाणी पाहावं लागतं: जवळची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं सावज. तरुण डोळा या तिन्हींवर झरझर फिरतो. साठीच्या डोळ्याला खाच पुसट दिसते, खाच नीट पाहावी तर सावज विरघळतं. चष्म्याने एक दुरुस्त होतं आणि दुसरं बिघडतं. दुर्बिणीत फुली आणि सावज एकाच अंतरावर दिसतात, डोळ्याला एकाच जागी पाहायचं असतं. मोठं दिसणं हा त्यापुढचा फायदा. आजोबांना दुर्बीण हवी होती ती या कारणाने, आणि आम्हाला वाटतं, ओढ्यापाशी संपलेल्या त्या रक्तामुळे.

धाकटे काका तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी कुठूनतरी अमेरिकन कॅटलॉग मिळवला आणि दहा पटींच्या दुर्बिणीवर बोट ठेवलं. "तीनशे यार्डांवरचं काळवीट अंगणात उभं असल्यासारखं दिसेल, अण्णा." थोरले काका काक्रापारच्या बंधाऱ्यावर इंजिनिअर. त्यांनी विचारलं, "आणि तुझा हात? हातही दहा पट हलेल ना?" हे आम्ही लगेच गच्चीवर करून पाहिलं. थोरल्या काकांची कामाची दुर्बीण हातात धरून तापीपलीकडची होडी पाहिली, तर होडी नाचत होती. कठड्यावर टेकवली की स्थिर. जंगलात कठडा कुठला? चढण चढून छाती धपापत असते आणि सावज उभं असतं तीन-चार सेकंद. शिवाय पटी वाढल्या की दिसणारा मुलूख आक्रसतो. झाडीत सावज शोधण्यातच वेळ जातो.

मग आमचे वडील आले पट्टी घेऊन. त्यांनी आम्हाला जे दाखवलं ते पुढे शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यात आलं तेव्हा आमच्यासाठी जुनं झालं होतं. दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब, उजेडाकडे धरायची. मागच्या भिंगात उजेडाची एक गोल टिकली दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागलं की त्या टिकलीचा व्यास मिळतो. बत्तीस मिलिमीटरचं भिंग आणि चार पटी, तर टिकली आठ मिलिमीटरची. चाळीसचं भिंग आणि दहा पटी, तर चारचीच. अंधारात माणसाची बाहुली फार तर सातेक मिलिमीटर उघडते, उतारवयात त्याहून कमी. टिकली बाहुलीएवढी किंवा मोठी असली तर तिन्हीसांजेलाही बाहुली उजेडाने पूर्ण भरते. लहान असली तर चित्र काळवंडतं. आणि जनावर पाण्यावर येतं ते तिन्हीसांजेलाच. दहा पटींचा विषय त्या संध्याकाळी मिटला. धाकटे काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मुंबईहून एक दुर्बीण पाहायलाही आणली होती. लष्कराच्या जुन्या मालातली, ब्रिटिशांची बत्तीस नंबरची, साडेतीन पटींची. महायुद्धात ली-एनफिल्डवर बसवायचे तीच. पितळ-पोलादाची, विहिरीच्या रहाटासारखी भक्कम. वजन दोन पौंडांहून जास्त. आजोबांनी ती रायफलीवर नुसती धरून पाहिली. सात पौंडांच्या हत्याराच्या डोक्यावर दोन पौंड! समतोलच गेला. "हलकी बंदूक घेऊन तिच्या डोक्यावर वरवंटा ठेवायचा असेल तर मी जड बंदूकच घेईन," म्हणाले. तिच्या भिंगाच्या आतल्या अंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशीही धरली होती. आणि सुरतेच्या माणसासाठी खरा प्रश्न हाच होता.

सुरतेचा पावसाळा ज्यांनी काढला नाही त्यांना हे कळणार नाही. खाडीची दमट हवा, जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, पापड सादळलेले, कपाटातल्या रेशमी साड्यांना वास. अशा हवेत दुर्बिणीत एकदा बाष्प शिरलं की भिंगावर बुरशी येते आणि ती काचेचा लेपच खाते. थंडीच्या पहाटे आतून धुकं धरतं ते वेगळंच. थोरल्या काकांनी एक नाव सुचवलं ते त्यांच्या कामातून आलेलं. नदीची पातळी कागदावर नोंदणाऱ्या स्टीव्हन्स यंत्राच्या माहितीपत्रकावर त्यांनी ल्यूपोल्ड अँड स्टीव्हन्स हे नाव वाचलं होतं. अमेरिकेतल्या ओरेगनची ही कंपनी मुळात सर्वेक्षणाची आणि पाणी मोजण्याची उपकरणं करणारी. महायुद्धानंतर ती शिकारीच्या दुर्बिणी करू लागली आणि नळीतली दमट हवा काढून आत कोरडा नायट्रोजन भरू लागली, म्हणजे धुकं धरायला आत काही उरतच नाही. "जे लोक पुरात यंत्र ठेवतात, त्यांना ओल कळते," असा काकांचा युक्तिवाद होता. आजोबांना तो पटला.

चार पटींची, एक इंची नळीची, पाव किलोच्या जवळपास वजनाची दुर्बीण ठरली. आतली फुली कोणती, यावर आजीचंही मत घेतलं गेलं, कारण सुईत दोरा ओवण्यात घरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. केसासारखी बारीक फुली दिवसा सुंदर दिसते, पण सागाच्या सावलीत हरवते. आजी म्हणाली, "काळ्या कापडावर काळा दोरा कोण घालतं?" जाड फुली घेतली.

आत्याचे यजमान त्या वर्षी शिक्षण संपवून अमेरिकेहून परतणार होते. त्यांनी ती आणली, मुंबई बंदरावर जाहीर केली, जकात भरली. बसवायचं काम सोपं नव्हतं. जुन्या माउझरच्या बोल्टची मूठ वर उचलली की दुर्बिणीला अडते, मागचा सेफ्टीचा पंखाही अडतो. मूठ वाकवावी लागते, पंखा बदलावा लागतो आणि रायफलीच्या पोलादात भोकं पाडून आटे पाडावे लागतात. मुंबईच्या परवानाधारक कारागिराकडे रायफल सोपवून आले त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. चौदा वर्षं जिला ओरखडा येऊ दिला नव्हता तिला गिरमिट लावायचं होतं.

सोनगडच्या पायथ्याशी, भाताच्या तुसाच्या गोणीवर टेकवून, शंभर यार्डांवर पुठ्ठा लावून नेम जुळवला. आम्हा मुलांपैकी तिघांना नेलं होतं, कान कापसाने बंद करून. कोनाचं एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, हे कोष्टक थोरल्या बहिणीने वहीत लिहून ठेवलं. आजोबांनी गोळी दीडशे यार्डांवर फुलीत बसेल असं जुळवलं. तीनशेवर ती सुमारे दीड वीत खाली जाते, हेही वहीत आहे. मग धाकट्या काकांनी एक बार मागितला. हलक्या बंदुकीचा धक्का जास्त असतो, म्हणून डोळा दुर्बिणीपासून तीन इंच तरी मागे हवा. ते उत्साहात पुढे सरकले. बार झाला आणि भुवईवर कोयरीसारखी खूण उमटली, तीन टाके पडले. ती खूण त्यांच्या शेवटच्या फोटोतही दिसते.

दुर्बीण आल्यावर शिकार थांबली, असं आमच्यातले काही जण आता मुलांना सांगतात. ते खरं नाही. आजोबा जात राहिले; रानडुक्कर, चितळ घरी येत राहिलं, आम्ही जेवत राहिलो. थांबलं ते जखमी जनावर मागे राहणं. त्यांनी एक रेघ आखून घेतली होती: दीडशे यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. दुर्बिणीतून तीनशेवरचं शिंग मोजता यायचं, तरीही नाही. काळवीट डोळ्यांसमोर ठेवून ते परत आल्याचं दोनदा तरी आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याकडून आम्हाला मिळालेल्या गोष्टींत ती रेघ मी सगळ्यांत वर ठेवते.

पण डांगाचं रान रिकामं झालं त्यात आमच्या घरचा वाटा आहे, हेही मला इथे लिहायचं आहे. लाकूडतोड होती, नवे रस्ते होते, आणि आमच्यासारख्या परवानेवाल्या घरांच्या रायफली होत्या. आजोबांच्या तरुणपणी सोनगडच्या वाटेवर वाघाचे पंजे दिसायचे. आम्ही मोठे होईतो ते नुसतं सांगण्यात उरलं.

१९६८च्या ऑगस्टमध्ये तापी घरात शिरली. वडिलांनी आधी आजीला माळ्यावर चढवलं, मग धान्य, मग रायफलीची पेटी. पाणी ओसरल्यावर घरातलं प्रत्येक घड्याळ बंद पडलं होतं, भिंतीवरच्या तसबिरींत चिखल होता. दुर्बिणीत धुक्याचा ठिपका नव्हता. थोरल्या काकांनी ती उजेडाकडे धरली आणि टिकली पुन्हा एकदा पट्टीने मोजली. आठ मिलिमीटर.

आमची एक बहीण पुढे एनसीसीत .२२ रायफल चालवायला शिकली. आजोबांना त्याचं फार अप्रूप. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन करणारे गणेश वासुदेव मावळंकर बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादचे वकील, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं नाव ते तिला पुन्हा पुन्हा सांगायचे. तिने घरी येऊन सांगितलं की स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून पाहावं लागतं. २०२४च्या १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक घेतलं तेही तशाच भोकातून पाहून. त्या दुपारी आम्हा सगळ्यांचे फोन एकमेकांना लागत नव्हते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आजोबांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. "वीस वर्षं उशिरा आला," एवढंच म्हणाले. रायफल परवानाधारक दुकानात जमा केली आणि पावती देव्हाऱ्याखालच्या फळीत ठेवली. जमा करण्याआधी दुर्बीण उतरवून घेतली. ती आज माझ्याकडे, बडोद्यात आहे. काच स्वच्छ आहे.

तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी जुनी दुर्बीण असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आधी ती चामड्याच्या पेटीतून बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं. कोरड्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि महिन्यातून एकदा उजेडाकडे धरून पाहा.